दवाखान्यातला कचरा जातो कुठे?

डॉक्टरांची पदवी कोणती, फी किती, हाताला गुण आहे की नाही, याची चौकशी आपण सगळेच करतो. इंजेक्शनची सुई नवी आहे ना, असेही आता पुष्कळ रुग्ण विचारतात, ही चांगली गोष्ट आहे. पण टोचून झाल्यावर ती सुई कुठे जाते, हा प्रश्न माझ्या दवाखान्यात मला अगदी क्वचित ऐकू येतो. आज त्याविषयीच लिहितो. हा प्रश्न नुसत्या झाडलोटीचा नाही, सरकारी परवानगीचा आहे. आणि ही परवानगी माझ्या मते औषधाइतकीच आरोग्याची बाब आहे.

उघड्या कचऱ्यात पडलेली सुई आधी टोचते ती सफाई कामगाराला, नाहीतर भंगार वेचणाऱ्या पोराला. सुईवर रोगट रक्त असेल आणि लस घेतलेली नसेल, तर ‘बी’ प्रकारच्या काविळीची लागण होण्याचा धोका शंभरात ६ ते ३० इतका असतो. ‘सी’ प्रकारच्या काविळीचा धोका शंभरात सुमारे २, तर एचआयव्हीचा हजारात सुमारे ३. हीच सिरिंज धुऊन पुन्हा बाजारात आली तर काय होते, ते २००९ साली गुजरातमधील मोडासा परिसराने पाहिले. तिथे ‘बी’ काविळीची साथ आली, अनेक माणसे दगावली. एकाची सिरिंज दुसऱ्याला वापरली गेल्याचे आणि वापरलेल्या सिरिंज विकण्याचा धंदा चालत असल्याचे तपासात उघड झाले.

आपल्या देशात या कचऱ्याचे पहिले नियम १९९८ मध्ये आले. आज २०१६ चे नियम लागू आहेत. त्यानुसार दवाखाना कितीही लहान असो, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र त्याला घ्यावेच लागते. पॅथॉलॉजी लॅब, रक्तपेढी, दातांचा दवाखाना, आयुर्वेद-होमिओपॅथीवाले, एवढेच काय, गुराढोरांचा दवाखानाही यातून सुटलेला नाही. ज्यांच्याकडे खाटा नाहीत त्यांना हे पत्र एकदाच घ्यावे लागते. मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय भंडाऱ्यातच आहे.

हा कचरा उचलून नष्ट करणे हाही आता एक व्यवसाय आहे. असे केंद्र चालवणाऱ्याला १९७४ चा पाण्याचा आणि १९८१ चा हवेचा, या दोन्ही कायद्यांखाली मंडळाची संमती लागते. २०१५ पासून नव्या केंद्राला पर्यावरण मंजुरीही घ्यावी लागते. एवढे कागद कशाला, असे वाटेल. पण भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात सुमारे १०५० अंश सेल्सिअस उष्णता हवी आणि धूर तिथे किमान २ सेकंद राहायला हवा, असा नियम आहे. उष्णता कमी पडली आणि त्यात क्लोरीन असलेले प्लास्टिक जळाले, तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये चिमणीतून बाहेर पडतात आणि आसपासच्या वस्तीच्या श्वासात, अन्नात उतरतात. म्हणूनच सलाईनच्या नळ्या, बाटल्या लाल पिशवीत, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या टणक डब्यात आणि काच निळ्या डब्यात टाकायची असते. लाल पिशवीतला माल जाळायचा नाही. तो निर्जंतुक करून, तुकडे करून मगच नोंदणीकृत कारखान्याला द्यायचा. तो थेट भंगारवाल्याकडे गेला तर मोडासा दूर नाही.

माझ्या व्यवसायबंधूंची यावर तक्रार असते, आणि ती अगदीच खोटी नाही. पवनी किंवा लाखांदूर तालुक्यातल्या एखाद्या गावात दोन खोल्यांचा दवाखाना चालवणारा डॉक्टर विचारतो, रोजच्या मूठभर कचऱ्यासाठी दरमहा पैसे का भरायचे? शिवाय पिवळ्या पिशवीतला रक्ताळलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. मग गाडीच आली नाही तर? यावर उपाय नियम मोडणे हा नव्हे. तालुक्यातल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन गाडीचा मार्ग आणि दिवस ठरवून घ्यावेत. मंडळानेही तालुक्याच्या गावी शिबिर घेऊन अर्ज तिथेच भरून घ्यावेत. परवानगी मिळवणे सोपे असले की ती चुकवायला निमित्त उरत नाही.

कागदाची किंमत भंडाऱ्याला सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या सुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. वरातीमागून घोडे ते हेच. सुईचा बळी तर असा एका रात्रीत दिसतही नाही. आज झालेल्या काविळीने यकृत निकामी व्हायला वीस-पंचवीस वर्षे लागू शकतात. तेव्हा त्या सुईची आठवणही कुणाला नसते.

भिंतीवर चौकटीत लावलेले पत्र पाहून तपासणी संपता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक पिशवीवर बारकोड लावायचा असतो, वजनाची नोंद ठेवायची असते, दरवर्षी ३० जूनपर्यंत मंडळाला अहवाल द्यायचा असतो. मग साधी त्रैराशिकाची गणिते का मांडू नयेत? रोज चाळीस रक्ततपासण्या करणाऱ्या लॅबमधून आठवड्याला एकच पिशवी निघत असेल, तर उरलेला माल कुठे गेला, हे शाळकरी पोरही विचारील. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा जाऊन त्याजागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला आहे. दंड भरून मोकळे होणाऱ्यांवर लोकांची नजर असणे आता अधिकच गरजेचे आहे.

वाचकांनी काय करावे? डॉक्टरांना दोन गोष्टी न संकोचता विचाराव्यात: प्राधिकारपत्र आहे का, आणि कचरा कोण उचलतो? कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना ‘बी’ काविळीची आणि धनुर्वाताची लस देणे नियमानेच बंधनकारक आहे, हे दवाखान्यात झाडू मारणाऱ्या बाईंनाही सांगावे. घरी इन्सुलिन टोचून घेणाऱ्या मधुमेहींनी सुया घंटागाडीत सुट्या टाकू नयेत. जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, घट्ट झाकण लावून त्या वेगळ्या द्याव्यात. आणि माझ्याकडे आलात तर मलाही जरूर विचारा. राग येणार नाही.