बचाव ढासळला की प्रशिक्षक बदला? पुणेरी पलटणचे तीन हंगाम काय सांगतात

कबड्डीत संघ हरला की पुण्यापासून भोकरच्या चहाच्या टपरीपर्यंत एकच वाद रंगतो. दोष प्रशिक्षकाचा की खेळाडूंचा? प्रो कबड्डीतील पुणेरी पलटणने या वादाला चांगलंच खाद्य पुरवलं आहे.

नेमकं काय घडलं?

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं जेतेपद मिळवलं. प्रशिक्षक होते बी. सी. रमेश. डाव्या कोपऱ्यात होता इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. २ कोटी ३५ लाखांना घेतलेल्या या खेळाडूने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले.

पुढच्या हंगामात रमेश कायम राहिले, पण शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. पलटण पहिल्या सहांतही आली नाही आणि हरियाणाने विजेतेपद पटकावलं, तेही पुण्यातच, बालेवाडीत. त्यानंतर रमेश यांच्या जागी भारताचे माजी कर्णधार अजय ठाकूर आले. २०२५ मध्ये पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली आणि दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी निसटती हरली.

मग प्रशिक्षक बदलणं बरोबर होतं?

अनेक चाहते लगेच ‘हो’ म्हणतील. निकाल त्यांच्या बाजूने आहे आणि ठाकूर यांचं श्रेय नाकारण्याचं कारणही नाही. पण हे अर्धंच उत्तर आहे. जिंकवणारे रमेशच होते आणि पुढच्या वर्षी मागे पडलेल्या संघाचे प्रशिक्षकही तेच. एका वर्षात त्यांची कबड्डीची समज आटली नव्हती. कोपरा बदलला होता, शिवाय कर्णधार अस्लम इनामदारच्या दुखापतीचाही फटका बसला.

बचाव इतका नाजूक का?

चढाई एकट्याची असते, पकड मात्र एकट्याने क्वचितच पूर्ण होते. कोपऱ्याने घोटा धरला की शेजारच्या कव्हरने त्याच क्षणी धडक द्यावी लागते. एक पाऊल उशीर झाला, तर चढाईपटू दोघांनाही ओढत मध्यरेषा गाठतो आणि दोन गुण जातात. ही वेळ फळ्यावर शिकवता येत नाही. शेजाऱ्याच्या शेजारी महिनोन्‌महिने उभं राहूनच ती अंगात मुरते.

म्हणूनच २०२५ च्या संघातली एक गोष्ट महत्त्वाची. प्रशिक्षक नवे होते, तरी गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन हे जेतेपदाच्या संघातले बचावपटू कायम होते. नव्या प्रशिक्षकाला पाया तयार मिळाला.

चाहत्यांनी काय विचारावं?

‘प्रशिक्षक कधी जाणार?’ यापेक्षा ‘कोपरा आणि कव्हरची जोडी टिकणार का?’ हा प्रश्न अधिक कामाचा आहे. तो गावोगावच्या संघांनाही लागू होतो. एका स्पर्धेतल्या पराभवावरून शिक्षक बदलला, दोन पोरं बसवली, की पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात. यात सर्वाधिक नुकसान होतं ते कोपऱ्यात उभं राहायला नुकतंच शिकलेल्या पोराचं. चढाईपटूच्या टाळ्या त्याच्या वाट्याला तशाही येत नाहीत, निदान सलग दोन वर्षं तोच शेजारी तरी त्याला मिळायला हवा.