रिमोटवरून काम करणाऱ्यालाही परमिट हवे

बॉयलरजवळ साधे वेल्डिंग करायचे, तरी शिस्तीच्या कारखान्यात हॉट वर्क परमिट लागते. काम कोण करणार, किती वाजेपर्यंत, शेजारी कोण थांबणार, हे लिहून सही होते. त्याच बॉयलरच्या पीएलसीत, म्हणजे तो चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, मशीन कंपनीचा इंजिनिअर परगावी बसून बदल करतो, तेव्हा कोणाचीच सही लागत नाही. सुरतेतल्या पांडेसरा, सचिन या औद्योगिक भागांतल्या रंगाई गिरण्यांत हे रोजचे झाले आहे. पॅनेलमध्ये सिमकार्डाचा राउटर, रिमोटचे सॉफ्टवेअर रात्रंदिवस चालू, पासवर्ड सगळ्या शिफ्टना एकच.

मालक म्हणतात, आमच्या गिरणीत हॅकरला काय मिळणार? नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अलिक्विपा या लहान गावाच्या पाणीपुरवठ्याचे पंपिंग स्टेशन इराणशी संबंधित टोळीने गाठले. गावाशी वैर नव्हते. तिथला कंट्रोलर इस्रायली बनावटीचा आणि इंटरनेटवर उघडा होता, एवढेच पुरले. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात तर धोक्याच्या वेळी प्लांट बंद करणाऱ्या सुरक्षा यंत्रणेतच घुसखोरी झाली. तिच्या कंट्रोलरची चावी ‘प्रोग्राम’वर तशीच राहिली होती. सुरतजवळच्या हजिऱ्यातल्या पेट्रोकेमिकल प्रकल्पांच्या शेजारी राहणाऱ्यांनी हे विसरू नये.

सचिनमध्ये जानेवारी २०२२ मध्ये टँकरमधून नाल्यात ओतलेल्या रसायनाच्या वायूने सहा कामगार गेले. त्यात संगणकाचा संबंध नव्हता; पण इथे चूक झाली की माणसे मरतात, हे तेव्हा दिसले.

रिमोट सेवा बंद करा, असे मी म्हणत नाही. मशीन अडले की तिच्यामुळेच उत्पादन वाचते. पण राउटर एरवी बंद असावा. काम निघाले की परमिट काढून, ठरावीक वेळेपुरता, त्या इंजिनिअरच्या स्वतःच्या नावाने आणि ओटीपीने प्रवेश द्यावा. आपला माणूस पॅनेलसमोर उभा असावा, आणि काय बदलले याची नोंद राहावी. वीजक्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१ मध्ये सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. रंगाईच्या गिरण्या त्यांत येत नाहीत. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायचे ते घटना घडल्यावर. म्हणून औद्योगिक संघटनांनीच हा परमिटचा नियम सभासदांना बंधनकारक करावा.

खानदेशातून येऊन उधना-लिंबायतमध्ये स्थिरावलेले कितीतरी मराठी ऑपरेटर याच पॅनेलांवर काम करतात. त्यांना विनंती आहे: पुढच्या शिफ्टला इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन पॅनेलमध्ये राउटर आहे का पाहा, आणि असल्यास तो कोण वापरतो, हे मालकाला लेखी विचारा.

– एक इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, उधना, सुरत