रीलमध्ये चमकणारा मुलगा चांगला पॉइंट गार्ड आहे, हे कशावरून ठरतं?

दोंडाईचा म्हटलं की मिरची आठवते, बास्केटबॉल नाही. पण फोन आता सगळीकडे आहे. खानदेशातल्या एखाद्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर कुणी दोघांना हुलकावणी देऊन बास्केट केली की तीस सेकंदांचा रील तयार होतो आणि खाली ‘भावा, एनबीए पक्कं’ अशा कमेंट पडायला लागतात. कौतुकात वाईट काहीच नाही. अडचण एवढीच की पॉइंट गार्डचं खरं काम त्या तीस सेकंदांत दिसत नाही.

पॉइंट गार्ड म्हणजे संघाचा चालक. बॉल पुढे आणायचा, कोण मोकळं आहे ते पाहायचं, खेळाचा वेग वाढवायचा की कमी करायचा ते ठरवायचं. नियमाप्रमाणे ८ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यावा लागतो आणि २४ सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. प्रत्येक वेळी या २४ सेकंदांचा हिशोब सर्वांत जास्त ज्याच्या डोक्यात असतो, तो पॉइंट गार्ड. त्यामुळे त्याने काय केलं याइतकंच त्याने काय टाळलं हेही महत्त्वाचं. आणि टाळलेल्या चुकीचा रील कुणी बनवत नाही.

मोठ्या लोकांचेही अंदाज चुकतात

अमेरिकेतल्या टायरिस हॅलिबर्टनचं उदाहरण ताजं आहे. त्याची शॉट मारण्याची पद्धत विचित्र, शरीर किडकिडीत. २०२० च्या ड्राफ्टमध्ये तो १२ व्या क्रमांकावर निवडला गेला. एप्रिल २०२५ मध्ये तर एनबीएच्या खेळाडूंच्या एका निनावी मतचाचणीत ‘सर्वांत फुगवलेला खेळाडू’ म्हणून सर्वाधिक मतं त्यालाच पडली. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या एका प्लेऑफ सामन्यात त्याने ३२ गुण, १५ असिस्ट आणि १२ रिबाउंड केले. यात सर्वांत भारी आकडा शून्य हा आहे: पूर्ण सामन्यात त्याने एकदाही बॉल गमावला नाही. इंडियाना पेसर्स त्या वर्षी अंतिम फेरीत गेले.

रोज त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्यांनाही त्याची नीट पारख झाली नव्हती. मग दहा मिनिटांच्या निवड चाचणीत ती कशी व्हावी?

दोंडाईच्यातल्या मुलीचं काय अडतं?

समजा दोंडाईच्यातली १३ वर्षांची एक मुलगी चांगली खेळते. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. रस्ता जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य असा जातो. सामने बाद पद्धतीचे. म्हणजे धुळ्यात पहिलाच सामना हरला की ते वर्ष संपलं. पुण्यात क्लब आहेत, स्पर्धा आहेत, तिथल्या मुलीला वर्षभरात कितीतरी सामने मिळतात. हिला मोजून दोन-तीन. त्यातला एक वाईट गेला की ‘हिच्यात दम नाही’ हा शिक्का बसतो.

हा शिक्का महाग पडतो. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण असोत की पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, कुठल्या पातळीवर खेळलात याला त्यात महत्त्व आहे. रेल्वेची नोकरीही खेळाडू कोट्यातून मिळते. लहान गावातल्या घरात मुलीला खेळू द्यायचं की नाही, हे बऱ्याचदा याच हिशोबावर ठरतं.

मग बघायचं काय?

असिस्ट मोजा, असं सगळे सांगतात. पण असिस्ट तेव्हाच धरला जातो जेव्हा समोरची मुलगी बास्केट करते. कमकुवत संघात सुंदर पास दिला आणि सोपा लेअप हुकला, तर कागदावर शून्य. म्हणून शाळेच्या पातळीवर ‘किती संधी तयार केल्या’ हे मोजलेलं बरं. तसंच गमावलेल्या बॉलचं. पास चुकीचा होता की घेणाऱ्या मुलीच्या हातातून निसटला, हे वेगळं लिहावं लागतं. क्रीडा शिक्षकाला यासाठी ॲप नको, वही आणि पेन्सिल पुरते.

दुसरी गोष्ट नजर. ड्रिबल करताना डोळे बॉलवर आहेत की कोर्टवर? दोघी अंगावर आल्या की ती घाबरून पाठ फिरवते की दुसरी येण्याआधीच पास देते? डाव्या बाजूला ढकललं तर डावा हात चालतो का? चूक झाल्यावर ती मान खाली घालते की लगेच परत पळून बचावाला उभी राहते? शंकू मांडून घेतलेल्या ड्रिबलच्या शर्यतीत यातलं फार थोडं कळतं.

उंचीचा सापळा

आपल्याकडे निवडीत नजर आधी उंचीवर जाते. पंजाबचा ७ फूट २ इंचांचा सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीए ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, ही मोठीच गोष्ट होती. पण नियमित मोसमातला एकही सामना त्याला मिळाला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला. दुसरीकडे मगसी बोग्स, उंची ५ फूट ३ इंच, एनबीएत १४ मोसम खेळला.

१३-१४ व्या वर्षी तर उंची फसवीच. ज्याची वाढ लवकर झाली तो ताकदीवर सगळ्यांना मागे टाकतो. तीन वर्षांनी बाकीचे वाढतात आणि त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात खेळतात, हाही फरक त्या वयात मोठा असतो. उलटही घडतं. अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड होता, अचानक उंची वाढली आणि गार्डची कौशल्यं असलेला उंच खेळाडू म्हणून तो २०१२ मध्ये ड्राफ्टमध्ये पहिला आला.

क्षमता म्हणजे नेमकं काय?

आज किती येतं आणि उद्या किती येईल, हे दोन वेगळे प्रश्न. शॉट सुधारतो. कमकुवत हात तयार होतो. ताकद वयाबरोबर येते. ‘कोर्ट व्हिजन मात्र जन्मजात’ असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं. शेकडो वेळा तीच परिस्थिती पाहिलेल्या मुलाला मोकळा खेळाडू आधी दिसतो. म्हणजे प्रश्न पुन्हा सामन्यांच्या संख्येवरच येतो.

यावर एक स्वस्त उपाय आहे: थ्री-ऑन-थ्री. एक रिंग, अर्धं कोर्ट, सहा जणी. सामना १० मिनिटांचा किंवा २१ गुणांपर्यंत, शॉटसाठी १२ सेकंद. प्रत्येकीच्या हातात बॉल जास्त वेळा येतो आणि निर्णय पटापट घ्यावे लागतात. पूर्ण संघ जमत नसलेल्या गावातही हे होऊ शकतं. एका संध्याकाळी चार सामने झाले, तरी त्या मुलीच्या वहीत धुळ्याच्या एका फेरीपेक्षा जास्त नोंदी पडतील. पुढच्या निवड चाचणीला जाताना ती वही सोबत न्यायला हरकत नाही. निवड समितीने ती उघडलीच पाहिजे असा नियम मात्र कुठे नाही.