पाळी चुकल्यापासून ठोका दिसेपर्यंत

पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन चालू असता त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांपाशी (दिगंबर परंपरेत ती सोळा मोजली जातात) सारी सभा रंगून जाते. त्या मानाने पुढचा एक प्रसंग लवकर सरतो. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल राहतात. गर्भ हलेनासा होताच माता शोकाकुल होते, राजभवनातील वाद्ये थांबतात, आणि गर्भाने किंचित अंग हलविल्यावरच तिच्या जिवात जीव येतो. गर्भ सुखरूप असल्याचे जाणण्याचे तिच्यापाशी तेवढे एकच साधन होते. ते हाती येतेही फार उशिरा. पहिलटकरणीला बाळाचे हलणे साधारणतः १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवते. आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीला त्याहून दोनेक आठवडे आधी. म्हणजे निम्मा काळ जवळजवळ उलटलेलाच असतो. त्यापूर्वीच्या आठवड्यांत शरीर काय सांगते आणि डॉक्टर ते कसे पडताळतात, हा या वेळचा विषय आहे.

पहिली खूण अर्थातच पाळी चुकणे. परंतु पाळी थायरॉईडच्या विकाराने चुकते, बीजांडकोशाच्या तक्रारीने चुकते, मनावरील ताणानेही चुकते. अठ्ठाई किंवा त्याहून दीर्घ तपानंतरही ती लांबू शकते. म्हणूनच ‘तपामुळे लांबली असेल’ हे उत्तर आपल्या घरांत चटकन सुचते. ते खरे असेलही. पण तपासल्यावाचून ते गृहीत धरू नये. दुसरी खूण मळमळीची. ती बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते आणि केवळ सकाळीच होते असेही नाही. पोट रिकामे असले की ती बळावते. चौविहार पाळणाऱ्या सुनेच्या पोटात सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत पाण्याचा थेंबही जात नाही, मग पहाटेच्या कोरड्या उलट्यांना ‘पित्त’ हे नाव मिळते आणि दुकानातून परतताना कोणीतरी पित्ताच्या गोळ्या घेऊन येतो. याखेरीज स्तन जड व दुखरे होणे, स्तनाग्रांभोवतीचे वर्तुळ गडद होऊन त्यावर बारीक उंचवटे दिसणे, वारंवार लघवीला जावे लागणे, दुपारी अनावर झोप येणे, या खुणा कमीअधिक प्रमाणात आढळतात. स्तनाग्रांचा काळसरपणा, अरुची आणि तोंडाला सुटणारे पाणी यांची नोंद चरकसंहितेतही आहे. कधी गर्भ रुजताना किंचित रक्त दिसते. तीच पाळी समजून स्त्री निर्धास्त राहते, आणि दिवसांचा हिशेब पुढे महिनाभराने चुकतो.

वैद्यकाचे ग्रंथ या साऱ्या खुणांच्या तीन पायऱ्या करतात: संशय उत्पन्न करणाऱ्या, संभव वाढविणाऱ्या आणि निश्चय करणाऱ्या. परोक्ष आणि प्रत्यक्ष प्रमाणांतील भेद ज्यांच्या कानांवर व्याख्यानांतून आला आहे, त्या आपल्या वाचकांना हा विवेक परका वाटू नये. स्त्रीला स्वतःला जे जाणवते ते सर्व पहिल्या पायरीवर. डॉक्टरांच्या हाताला व डोळ्यांना जे आढळते ते दुसरीवर. गर्भाशयमुखावर येणारी निळसर छटा जाकमँ या फ्रेंच वैद्याने १८३६ मध्ये नोंदली होती, बॉस्टनच्या डॉ. चॅडविक यांनी १८८६ मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले आणि ती खूण त्यांच्याच नावाने रूढ झाली. गर्भाशयाचे मुख व अंग यांमधला भाग मऊ पडतो, ही जर्मन वैद्य हेगार यांच्या नावाची खूण. सोनोग्राफी आल्यापासून या खुणा तपासण्याची गरज फारशी उरलेली नाही.

घरी होणारी लघवीची तपासणी मात्र सर्वांच्या परिचयाची. तिचा इतिहास आपल्या वाचकांनी जाणून घ्यावा असा आहे. गर्भ रुजू लागला की भावी वारेच्या पेशींतून एचसीजी नावाचे संप्रेरक स्रवते आणि ते लघवीत उतरते. १९२७-२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम व झोंडेक यांनी त्यावर पहिली विश्वासार्ह चाचणी बसविली. स्त्रीची लघवी लहानग्या उंदरांच्या माद्यांना टोचायची आणि काही दिवसांनी त्यांना मारून बीजांडकोश पाहायचे. पुढे उंदरांच्या जागी ससे आले, मग बेडकी आली. तिला मारावे लागत नसे, टोचल्यावर ती अंडी घालते की नाही एवढेच पाहत. एका घरच्या आनंदवार्तेसाठी कित्येक जीवांचा बळी जाई. १९६० मध्ये स्वीडनच्या विडे व गेमझेल यांनी प्रतिपिंडांवर आधारलेली पद्धत मांडली आणि प्रत्येक तपासणीमागची जीवहत्या थांबली. प्रतिपिंडे मिळविण्यासाठी प्राण्यांचा उपयोग त्यानंतरही होत राहिला, हेही सांगितले पाहिजे.

आजची पट्टी पाळी चुकल्याच्या दिवसापासून बहुधा खरे उत्तर देते. सकाळची पहिली लघवी घ्यावी, कारण ती दाट असते. एकच रेघ आली व पाळीही आली नाही, तर काही दिवसांनी पुन्हा तपासावे. सुरुवातीच्या आठवड्यांत एचसीजी साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होत असते. वसई, नालासोपारा, विरारच्या बाजारपेठेत औषधांचे दुकानदार घरोब्यातले असतात, म्हणून पट्टी मागायला सुनांना संकोच वाटतो. ती पतीने आणावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दोन रेघा उमटल्या तरी ग्रंथकारांच्या हिशेबी आपण अजून दुसऱ्याच पायरीवर असतो. निश्चय होतो तो सोनोग्राफीने. योनीमार्गे केलेल्या तपासणीत पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भपिशवी दिसते आणि सहाव्याच्या सुमारास हृदयाचा ठोका. पोटावरून पाहिल्यास सुमारे आठवडाभर उशीर लागतो. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून ती तारीख लिहून ठेवावी. केंद्रावर फॉर्म भरून घेतात तो १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ मध्येच केला होता. मुलगा की मुलगी, हे विचारणाराही त्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. व्यवहारात चोख असणाऱ्या घरांतूनही हा प्रश्न आडून विचारला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

‘तीन महिने कोणाला सांगायचे नाही’ ही आपल्याकडील रीत नातेवाइकांपुरती ठीक आहे. डॉक्टरांच्या बाबतीत ती घातक ठरू शकते. गर्भाच्या मेंदूचा व पाठीच्या कण्याचा पाया असलेली नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी गर्भधारणेच्या आधीपासूनच घ्यायची असते. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीवही सर्रास आढळते. तेही तपासून घ्यावे. चालू तपाविषयी गुरुमहाराजांशी मोकळेपणाने बोलावे. पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत. ते केवळ म्हणण्यापुरते नाहीत.

सर्वांत मोठा धोका पट्टीला दिसतच नाही. शंभरांत एक-दोन गर्भ गर्भाशयाऐवजी बहुधा बीजवाहिनीत रुजतात. तेव्हाही पाळी चुकते, मळमळ होते आणि दोन रेघा उमटतात. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत प्राणावर बेतते. गर्भ कोठे रुजला आहे, हे सांगणारी तपासणी सोनोग्राफीच. वेळेत कळल्यास कित्येकदा औषधानेच भागते. पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात एका बाजूला दुखू लागले, थोडेसे रक्त दिसले, खांद्याच्या टोकाशी कळ आली किंवा घेरी आली, तर तिला तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. दुकान वाढवण्याची किंवा कोणी लोकलने घरी पोचण्याची वाट पाहू नये. शेजाऱ्याची रिक्षा चालेल.