सोमालिया म्हणजे फक्त चाचेच का?

‘सोमालिया म्हटलं की पहिलं काय आठवतं?’ गेल्या आठवड्यात आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी हा प्रश्न टाकला. उत्तरं पटापट आली. चाचे. दुष्काळ. ‘कॅप्टन फिलिप्स’. पुन्हा चाचे. आणि मग तो मीम. हडकुळा तरुण टॉम हँक्सच्या डोळ्यांत डोळे घालून सांगतो की आता या जहाजाचा कप्तान मी. हॉस्टेलच्या टीव्हीचा रिमोट हातात आला तरी आपण हाच फोटो टाकतो. मग मी विचारलं, मीममधल्या त्या मुलाचं नाव काय? ग्रुपवर एकदम शांतता.

त्याचं नाव बर्खाद अब्दी. जन्म मोगादिशूचा. यादवी युद्धामुळे कुटुंब आधी येमेनला आणि पुढे अमेरिकेत मिनियापोलिसला गेलं. तिथे तो लिमोझिन चालवायचा. २०१३च्या ‘कॅप्टन फिलिप्स’मधल्या या पहिल्याच भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन आणि बाफ्टा पुरस्कार मिळाला. म्हणजे युद्धातून वाचलेल्या एका सोमाली माणसाची गोष्ट आपल्यासमोर होती. आपण मात्र फक्त त्याच्या हातातली बंदूक लक्षात ठेवली.

मुंबईत उतरलेले ३५ जण

हा विषय आपल्या दारात आला तो २३ मार्च २०२४ला. भारतीय नौदलाची ‘आयएनएस कोलकाता’ ३५ सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईत आली आणि त्यांना यलो गेट पोलिसांच्या ताब्यात देण्यात आलं. डिसेंबर २०२३मध्ये अपहरण झालेलं ‘एमव्ही रुएन’ हे मालवाहू जहाज नौदलाने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर गाठलं, विमानातून मरीन कमांडो उतरवले आणि १७ खलाशांची सुखरूप सुटका केली. अभिमान वाटावा अशीच कारवाई होती ती.

या लेखासाठी मी त्या दिवसांतल्या बातम्या पुन्हा काढून वाचल्या. नौदलाने काय केलं, हे सगळीकडे तपशिलात होतं. हे ३५ जण कुठून आले, का आले, हे मात्र शोधावं लागत होतं.

त्याचं उत्तर १९९१पर्यंत मागे नेतं. त्या वर्षी जानेवारीत हुकूमशहा सियाद बारेची सत्ता कोसळली आणि तिच्यासोबत सरकार नावाची गोष्टच संपली. किनाऱ्यावर पहारा उरला नाही. परदेशी ट्रॉलर बेकायदा मासेमारी करू लागले. काही कोळ्यांनी ‘आमचा समुद्र आम्हीच राखू’ म्हणत शस्त्रं उचलली. मग त्यात पैसे लावणारे आले आणि त्याचा सरळसरळ खंडणीचा धंदा झाला. जागतिक बँकेच्या अहवालानुसार २००५ ते २०१२ या काळात सुमारे ३४ ते ४१ कोटी डॉलर खंडणी वसूल झाली. मोठा वाटा पडद्यामागच्यांना मिळाला, बोटीत बसलेल्या पोरांना तुलनेने किरकोळ रक्कम.

यामुळे चाचेगिरी माफ होते असं अजिबात नाही. ओलीस ठेवलेल्यांत अनेक भारतीय खलाशी होते आणि त्यांच्या घरच्यांनी महिनोन् महिने फोनची वाट पाहिली आहे. पण ‘का’ हा प्रश्न विचारणं म्हणजे बाजू घेणं नव्हे. पत्रकारितेच्या पहिल्याच लेक्चरला आम्हाला हेच तर शिकवतात.

कॅमेरा कुणाच्या खांद्यावर?

‘ब्लॅक हॉक डाऊन’ बघितलाय? ऑक्टोबर १९९३च्या मोगादिशूतल्या लढाईवरचा रिडली स्कॉटचा सिनेमा. त्या लढाईत १८ अमेरिकी सैनिक मारले गेले आणि शेकडो सोमाली. सिनेमा संपल्यावर अमेरिकी सैनिकांची नावं आठवतात. सोमाली मात्र धावत येणारा जमाव म्हणूनच उरतात. शूटिंग झालं मोरोक्कोत, आणि महत्त्वाच्या सोमाली भूमिका केल्या सोमाली नसलेल्या कलाकारांनी.

हे फक्त सिनेमात होतं असं नाही. २०१५मध्ये पॅरिसवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा मी शाळेत होते. माझ्या मोठ्या बहिणीने आणि तिच्या अख्ख्या ग्रुपने डीपीवर फ्रान्सचा झेंडा लावला होता. १४ ऑक्टोबर २०१७ला मोगादिशूत ट्रकबॉम्ब फुटला, ५००हून अधिक माणसं गेली. तेव्हा कुणाचा डीपी बदलल्याचं मला आठवत नाही. मरणाऱ्याचा चेहरा ओळखीचा नसला की मरण नुसता आकडा होतं.

त्यांचा आवाज आहे, आपण ऐकलेला नाही

‘त्यांच्याकडे सांगणारं कुणी नाही’ असं म्हणणंही चूक. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली १९७२मध्ये, पण त्याआधी शतकानुशतकं तिथे भांडण, प्रेम, राजकारण सगळं कवितेतून चालायचं. कविता पाठ असायची, पुढे ती रेडिओवर आणि कॅसेटवर गेली. तिची ताकद इतकी की सरकार घाबरायचं. हद्रावी हा तिथला फार मोठा कवी. टीका केली म्हणून तो १९७३ ते १९७८ तुरुंगात होता.

१९८८मध्ये बारेच्याच विमानांनी हरगेसा शहरावर बॉम्ब टाकले. तेव्हा रेडिओ हरगेसाच्या लोकांनी गाण्यांच्या टेप वाचवायचं ठरवलं. काही जमिनीत पुरल्या, काही शेजारच्या जिबूती आणि इथिओपियाला पाठवल्या. घरदार सोडून पळायची वेळ आलेली असताना गाणी वाचवणारी माणसं! त्या ठेव्यातल्या गाण्यांचा एक अल्बम २०१७मध्ये आला आणि त्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं.

आज मोगादिशूत ‘बिलान’ नावाची न्यूजरूम आहे. २०२२मध्ये सुरू झालेली आणि पूर्णपणे महिला पत्रकारांनी चालवलेली ही देशातली पहिलीच न्यूजरूम. पत्रकारांच्या खुन्यांना शिक्षा न होणाऱ्या देशांच्या यादीत सोमालिया अनेक वर्षं पहिल्या क्रमांकावर राहिला आहे. तिथे बाईने माईक घेऊन रस्त्यावर उभं राहणं ही काय चीज असेल! एसी ऑफिसात बसून मी ‘डेडलाइन फार आहेत’ म्हणते, तेव्हा मला त्या आठवतात.

आणि सिनेमा? मो हरावेचा ‘द व्हिलेज नेक्स्ट टू पॅराडाइज’ २०२४मध्ये कान महोत्सवाच्या अधिकृत विभागात निवडला गेलेला पहिला सोमाली सिनेमा ठरला. तो सुरू होतो टीव्हीवरच्या ड्रोन हल्ल्याच्या बातमीने. बातमी संपते आणि कॅमेरा गावातच थांबतो. मिळेल ते काम करणारा, प्रसंगी कबरी खणणारा बाप, शाळेत जाणारा पोरगा आणि शिवणकामाचं दुकान टाकायचं म्हणून कर्जासाठी फिरणारी आत्या. आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात सापडेल असं घर.

गंमत म्हणजे सोमाली लोकही आपल्याला पडद्यावरूनच ओळखतात. हिंदी सिनेमे तिथे सोमालीत डब होतात आणि आवडीने बघितले जातात. उद्या त्यांनी विचारलं, ‘तुम्ही सगळे प्रेमात पडल्यावर डोंगरावर नाचता का?’ तर आपण हसू आणि म्हणू, ‘अरे, तेवढाच देश नाही आमचा.’ तेच वाक्य त्यांनाही म्हणायचंय.

मी ग्रुपवर बर्खाद अब्दीचं नाव टाकलं. दोघातिघांनी अंगठा दाखवला. एकाने विचारलं, ‘बरं, मग आता काय बघू?’ त्याला हरावेच्या सिनेमाचं नाव पाठवलंय. तुम्हालाही तेच सांगते.