माळ म्हणजे पडीक नव्हे

माळावर पीक येत नाही, म्हणून तो पडीक. पडीक आहे, म्हणून तिथे झाडे लावा. हा तर्क आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की, त्याला हरकत घेणारा माणूस झाडांचा वैरी ठरतो. तो ठपका पत्करूनही मी हरकत घेणार आहे. माझा साक्षीदार आहे काळवीट.

या अंकाच्या कानडी विभागातले मित्र ज्याला कृष्णमृग म्हणतात, तोच हा प्राणी. आपण त्याला सरसकट हरीण म्हणतो. पण कुळाने तो गाय-शेळीच्या जवळचा. चितळ-सांबरांची शिंगे गळतात व पुन्हा येतात. काळविटाची पीळदार शिंगे जन्मभर टिकतात. ती बहुधा नरालाच असतात. मादी फिकट तांबूस; नर मात्र वयात येतो तसा पाठीवर काळा होत जातो, पोट पांढरेच राहते.

त्याचे सारे अंग मोकळ्या जमिनीसाठी घडलेले आहे. लपायचे नाही, पळायचे, हा त्याचा धर्म. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणून दूरवरचा माळ त्याच्या नजरेत राहतो. धोका दिसताच एखादा उंच उडी घेतो आणि सारा कळप उधळतो. वेग ताशी 80 किलोमीटरपर्यंत जातो. नर लेंड्यांच्या ढिगांनी आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथींच्या स्रावाने आपली हद्द आखतो. खाणे मुख्यतः गवताचे. अशा प्राण्याला दाट झाडीत कोंडले, तर त्याचे डोळे आणि पाय दोन्ही वाया गेले!

हावेरी जिल्ह्यातले राणेबेन्नूर अभयारण्य 1974 साली काळविटांसाठी राखले गेले; पण त्याच्या बऱ्याच भागात निलगिरीची लागवड आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला बंदुकीपासून वाचवले खरे, पण त्याचा माळ कोण वाचवणार? पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत झुडपी माळ आणि खालावलेली कुरणेही त्याच सदरात बसवलेली आहेत.

कोणी विचारील, ज्वारीत शिरणाऱ्या कळपांचे काय? प्रश्न रास्त आहे. शेतकऱ्याला भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. पण चरायला माळ उरला नाही, तर काळविटाने शेतात नाही तर जायचे कुठे?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण वृक्षारोपणासाठी उत्साहाने खड्डे खणतो. माझी सूचना एवढीच, की कुदळ उचलण्याआधी गावातल्या धनगराला विचारावे, पावसाळ्यात इथे कोणकोणते गवत येते? त्याने चार-पाच नावे सांगितली, तर तो माळ तसाच सोडावा. झाडे लावायला रस्त्याच्या कडा आहेत, गावठाण आहे, आपल्या कॉलेजचे आवार आहे.