सकाळी मासे, दुपारी देव

"काय वं माय, समिंदरमा कसाले जाई रायनी? देव ते आठेबी शेतस!"

धुळ्याहून निघताना आजीने हा प्रश्न टाकला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण आमच्या ट्रिपच्या कागदावर दोन्ही होतं. 'मालवण दर्शन + स्नॉर्केलिंग, गाइडसह, एक दिवस, जेवण समाविष्ट.' देवही आणि समुद्रही! आजी खूश, मी खूश, पप्पा मात्र बिल बघून गप्प.

सुरुवातीलाच सांगते, मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या असतील तर त्या माझ्या, आणि नसतील तर रूममेटने तपासलंय असं समजा. मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी पावसावर चार कविता आणि मैत्रीवर तीन लेख येतात. म्हटलं, यंदा जरा भांडावं!

तर मुद्द्याकडे येते. आपली इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे काय हे हॉस्टेलमध्ये कुणाला सांगायला नको. एक कारखाना, दोन तास, हेल्मेट घालून ग्रुप फोटो, की उरलेले दिवस समुद्राकडे. आम्हीही कोल्हापूरला एक फाउंड्री बघितली आणि घाट उतरून मालवणला पोचलो. जळगावपासून सातशेहून जास्त किलोमीटर. बसमध्ये दोन रात्री, अंताक्षरीच्या चार फेऱ्या आणि मागच्या सीटवर कायमचा एकच स्पीकर!

मालवणच्या दिवसाचं टाइमटेबल असं. सात वाजता नाश्ता. आठला बोट. सिंधुदुर्ग किल्ला पाऊण तास. साडेनऊला स्नॉर्केलिंग. बाराला थाळी (आमच्यासारख्यांना व्हेज, बाकीच्यांना सुरमई). मग एकामागून एक तीन देवळं, प्रत्येकी वीस मिनिटं. सहाला बीच. आठला बस. आमच्या सबमिशनच्या आठवड्यालासुद्धा यापेक्षा जास्त श्वास घेता येतो.

परत आल्यावर कॉमन रूममध्ये यावर वाद झाला. काहींचं म्हणणं, "देवाधर्माची आणि मजेची भेसळ करूच नये. तीर्थयात्रा म्हणजे तीर्थयात्रा आणि पिकनिक म्हणजे पिकनिक." एक सरही म्हणाले, "ओल्या अंगाने देवळात घुसणारी पिढी आहे ही." दुसऱ्या बाजूचं म्हणणं, "देवळं कशाला घुसडली? घरीच कमी आहेत का?"

मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत. माझं म्हणणं असं की समुद्र आणि देऊळ एका दिवसात बघण्यात काहीच चूक नाही. चूक आहे ती दोन्ही न दाखवता 'दाखवलं' म्हणून टिक करण्यात. आणि त्याची किंमत सगळ्यात जास्त मुली मोजतात. कशी, ते सांगते.

आधी भेसळीचं बघू. मालवणच्या किनाऱ्यावर 'मोरयाचा धोंडा' नावाचा एक खडक आहे. त्यावर गणपती, चंद्र, सूर्य, शिवलिंग कोरलेलं आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त केला, तेव्हाची पूजा याच धोंड्यापाशी झाली असं सांगतात. म्हणजे त्या किल्ल्याची सुरुवातच देव आणि समुद्र यांच्या मधल्या एका दगडावर झाली! किल्ल्याच्या आत श्रीशिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नारळी पौर्णिमेला मालवणात समुद्राला नारळ अर्पण करतात. देवगड तालुक्यातलं कुणकेश्वर तर अगदी लाटांच्या कडेला आहे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत गावोगावचे देव तिथे समुद्रस्नानाला येतात. जिथे देवच पाण्यात उतरतात, तिथे आपण उतरलो तर भेसळ कसली?

आणि आपल्या खान्देशात तरी काय वेगळं आहे? चांगदेवाचं देऊळ तापी-पूर्णेच्या संगमावर. धुळ्याची एकवीरा पांझरेच्या काठी. श्रावणात कानबाई बसते आणि दुसऱ्या दिवशी नदीवर जाते. पाण्याशिवाय आपला एकही देव पूर्ण होत नाही. आजी आजही काही पूजा ओलेत्याने करते. ओलं धोतर, ओलं लुगडं असलं की सोवळं, आणि ओली ट्रॅकपँट असली की विटाळ, हे लॉजिक मला अजून कुणी व्हायव्हात विचारलेलं नाही, नाहीतर नक्की केटी!

आता त्या दिवशी काय झालं ते ऐका.

बोट किल्ल्याजवळ थांबली. आम्ही १६ मुली. गाइड म्हणाले, "पोहता येत नसलं तरी चालतं, रिंग धरायची, तोंड पाण्यात घालायचं, बस्स." सूचना संपल्या! मास्कमध्ये पाणी शिरलं तर काय करायचं, घाबरलं तर हात कसा वर करायचा, काही नाही. मुलं धडाधड उतरली. मुलींपैकी उतरल्या ५. बाकी ११ जणी बोटीत बसून आमचे मोबाइल सांभाळत होत्या.

मला वाटलं, घाबरल्या. रात्री रूममेटला विचारलं तर म्हणाली, "पाण्याला नाही गं घाबरले. वर आल्यावर कपडे कुठे बदलणार होतो? सगळ्या वर्गासमोर तसंच बसायचं जेवणापर्यंत?" मी गप्प झाले. कारण मी तशीच बसले होते, ओढणी गुंडाळून, कुडकुडत.

आणि पुढची गंमत. जेवणानंतर पहिल्या देवळाच्या पायरीशी गाइड आमच्याकडे बघून म्हणाले, "ज्यांचे कपडे ओले आहेत त्यांनी बाहेरच थांबा." आंघोळीला, कपडे बदलायला टाइमटेबलमध्ये दहा मिनिटं नव्हतीच. मुलांनी बसमागे जाऊन टी-शर्ट बदलले आणि आत गेली. आम्ही ५ जणी चपलांपाशी.

हिशोब करा. पॅकेज 'दोन्हींचं' होतं. पैसे 'दोन्हींचे' घेतले. पण ज्या समुद्रात उतरल्या त्या देवाला मुकल्या, आणि ज्या देवाला गेल्या त्या समुद्राला मुकल्या. १६ मुलींपैकी एकीलाही दोन्ही मिळालं नाही. मग हे कॉम्बिनेशन कुणासाठी होतं?

आता पाण्यात काय दिसलं तेही सांगायला हवं, नाहीतर वाटेल मी नुसती कुरकुर करतेय. तोंड पाण्यात घातलं आणि पहिलं मिनिट फक्त माझ्याच श्वासाचा आवाज. मग खाली हिरवट उजेड, खडक आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे. इतके जवळ की मी हात पुढे केला, तर ते होते त्यापेक्षा लांब! पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे मास्कमधून वस्तू जवळ आणि साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते. बारावीत हा फॉर्म्युला पाठ केला होता, समजला मालवणला. श्वासाची नळी एवढीशी का असते? एक मीटर खोलीवर छातीवर सुमारे १० किलोपास्कल जादा दाब येतो, म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ एक टन. तो ढकलून वरची हवा ओढायला आपले स्नायू पुरे पडत नाहीत. लांब नळीत आपलाच उच्छ्वास परत आत येतो ते वेगळंच. फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांनी हे लेक्चर बोटीत घेतलं असतं तर शंभर टक्के अटेंडन्स!

पण गाइडने यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी बिस्किटाचा पुडा फोडून पाण्यात टाकला, म्हणजे मासे फोटोत येतात. एक मुलगा प्रवाळावर पाय ठेवून उभा राहिला, त्याला कुणी काही बोललं नाही. प्रवाळ हा दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे आणि तिची वाढ अतिशय मंद असते. मालवणचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्रभाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. देवळात चप्पल घालून कुणी गेलं असतं तर केवढा गहजब झाला असता! अभयारण्यात पाय ठेवला तर? तिथेही 'हात लावू नका, लांबून दर्शन घ्या' हाच नियम आहे की.

देवळांचंही तसंच. वीस मिनिटांत चमत्काराच्या दोन गोष्टी आणि "चला, चला, उशीर होतोय." आपण चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला शाळेच्या सहलीत किती वेळा गेलो! तिथे एक शिलालेख सापडला, ज्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, हे किती जणांना सांगितलं गेलं? मला नाही सांगितलं, मी नंतर वाचलं. देवळाच्या परिसरात गणिताचं कॉलेज! आणि आम्ही तिथे फक्त डबा खाल्ला.

आता खरी भीती बोलते. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले ८ जण बुडाले. आपल्यासारखेच, आयव्हीला आलेले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि २ पर्यटक गेले. समुद्राला दोष देऊन चालणार नाही. तो तिथेच असतो, तयारी न करता जाणारे आपण.

आणि तयारीत आपण खान्देशी फार मागे. त्यातही मुली. आमच्याकडे मुलगे विहिरीत पोहायला शिकतात आणि मुली विहिरीवर पाणी भरायला जातात. आमच्या मजल्यावर मी विचारत फिरले, तर पोहता येणाऱ्या फक्त तिघी. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला काट्याचमच्याने जेवायला शिकवलं, पोहायला नाही. म्हणजे मी काही वरची नाही!

"मग दोन दिवसांची ट्रिप काढा," असं म्हणणं सोपं आहे. पण माझ्या वर्गात कापसाचा भाव पडला की मेसचं बिल थकणाऱ्या मुली आहेत. अजून एक दिवस म्हणजे अजून हजार-बाराशे. म्हणून मी दिवस वाढवा म्हणत नाही. ठिकाणं कमी करा म्हणते. पुढच्या वर्षीच्या टीआर-बीआरनी आणि ट्रिपला येणाऱ्या सर-मॅडमनी एवढं करावं:

एक, किल्ला, मोरयाचा धोंडा, स्नॉर्केलिंग आणि संध्याकाळी एकच देऊळ. बास. कुणकेश्वरला दीड तास द्या, तीन देवळांना वीस-वीस मिनिटं नको.

दोन, क्रम आहे तोच ठेवा. सकाळी वारा कमी असतो, समुद्र शांत असतो, तेव्हा मासे सकाळीच. पण मध्ये गोड्या पाण्याची आंघोळ आणि मुलींना कपडे बदलायला बंद खोली लिहून घ्या. तोंडी नको, बुकिंगच्या कागदावर.

तीन, गाइड दोन हवेत. पाण्यातला प्रशिक्षित माणूस वेगळा, देवळाची माहिती असणारा वेगळा. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, म्हणजे तिथे शिकलेली माणसं शोधली तर सापडतात. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आणि जमिनीवर अर्धा तास सूचना. ज्याने त्या ऐकल्या नाहीत, तो बोटीत मोबाइल सांभाळेल!

चार, आणि हे मॅनेजमेंटसाठी. फर्स्ट इयरला पोहण्याची बॅच सुरू करा. मुलींसाठी वेगळी वेळ, शिकवायला बाई. क्रिकेटच्या मॅटला पैसे मिळतात, याला का नाहीत?

यावर कुणी म्हणेल, "ट्रिप म्हणजे ट्रिप, पीएचडी नाही." मान्य. पण मजासुद्धा नीट केली तर जास्त येते, हे मी पाण्यातल्या त्या बारा मिनिटांत शिकले. शेवटची दोन मिनिटं मी रिंग सोडून नुसती तरंगत होते. खाली मासे, वर किल्ल्याचा तट, आणि डोक्यात एकही विचार नाही. देवळात जे व्हायला हवं म्हणतात ना, ते मला तिथे झालं. मग दुपारी चपलांपाशी बसल्यावर वाटलं, हे आत जाऊन कुणाला तरी सांगायला हवं होतं.

घरी आल्यावर आजीने विचारलं, "देव दिखना का?" मी म्हटलं, "अर्धा." ती हसली. पुढच्या बॅचच्या एखादीला तरी तिच्या आजीला 'पूर्ण' सांगता यावं, एवढ्यासाठी हा लेख. बघा पटतंय का! नाही पटलं तर डी विंगमध्ये या, भांडू. येताना शेवभाजी आणा.